स्वयंसेवक म्हणून माझी नोंद

"अरे, लंगरवाला! तुम इधर कैसे बैठे हो? अंदर जाओ, खिचडी देखो जरा."

सेवा केंद्राचा हॉल भरलेला होता. फौजेतून निवृत्त झालेली म्हातारी माणसं, काही विधवा, प्रत्येकाच्या हातात नंबराची चिठ्ठी. माझ्याही हातात होती. केंद्र चालवणाऱ्या निवृत्त कर्नल साहेबांनी मला खुर्चीवरून उठवलं तसे चार-पाच जण हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

वय अडुसष्ट, गुडघे गेलेले. तरी टाचा आपोआप जुळल्या. "जी साब," म्हणालो आणि आत गेलो.

फौजेच्या स्वयंपाकघराला लंगर म्हणतात. मी तिथे स्वयंपाकी म्हणून सगळी नोकरी केली. बर्फात केली, तोफेचे गोळे पडत होते तिथे केली. गोळा पडताना कुणाच्या हातात बंदूक आणि कुणाच्या हातात झारा हे पाहत नाही. वर्दी तीच, पेन्शनचं पुस्तक तेच. पण नागपुरात म्हाताऱ्यांसाठी आणि माजी सैनिकांसाठी सेवा केंद्र निघालं, तिथे मी पुन्हा लंगरवाला झालो.

मी काही खिचडी करायला गेलो नव्हतो. बायकोला लकवा मारला होता. डावी बाजू गेली, आणि ती डावखुरी. भाजी चिरणं, वेणी घालणं, सगळं त्याच हाताचं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "पहिले काही महिने नीट व्यायाम द्या. नंतर बोटं आखडतात." केंद्राकडून व्यायाम देणारी बाई घरी येते असं ऐकलं, म्हणून नंबर लावायला गेलो.

त्याच दिवशी, खिचडी झाल्यावर, साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "हो जाएगा. तुम तो घर के आदमी हो, फॉर्म-वॉर्म छोडो."

फौजेत साहेबाचं तोंडी बोलणं म्हणजे हुकूम. हुकूम कागदावर द्या असं कुणी म्हणत नाही. मीही म्हणालो नाही. बाहेरचा कुणी असता तर त्याने फॉर्म मागितला असता. मी फौजी होतो, म्हणून फसलो.

मग दर गुरुवारी खिचडी. घरी आलो की बायको विचारायची, "आज बी नाही आली का जी ते बाई?"

"वेटिंग आहे," मी सांगायचो. तिचे केस मीच बांधायचो. माझ्या हातून अंबाडा धड बसत नसे.

एका गुरुवारी कळमेश्वरचा एक हवालदार जेवता जेवता म्हणाला, "ते व्यायामवाली बाई बेस आहे गा. तीन हप्ते झाले, रोज घरी येऊन राहिली." हा माझ्यानंतर दोन महिन्यांनी केंद्रात आलेला. माझा झारा पातेल्यातच थांबला.

त्या दिवसापासून मी डोळे उघडे ठेवले. कुणाला नावाने हाक मारतात, कुणाला कामाने. कुणाला चहा कपात, कुणाला "आत घ्या तुमचा." फौजेत कपडे धुणारा एक जण स्वतःचे कान तपासून घ्यायला यायचा. त्याच्या कानाला यंत्र अजून मिळालं नव्हतं, हॉलचे पडदे मात्र तो दर महिन्याला धुवायला नेत होता. हे मी इतके दिवस कसं पाहिलं नाही?

ऑफिसातल्या मॅडमना यादी पाहायला सांगितली. बायकोचं नाव नव्हतं. वेटिंगमध्येही नव्हतं. मॅडमनी दुसरी वही उघडली आणि त्या हसल्या. "काका, तुमचं नाव इथे आहे ना. स्वयंसेवक."

आत आलो. पातेल्यात डाळ-तांदूळ अर्धवट शिजले होते. गॅस बंद केला आणि अंगावरच्या एप्रनसकट पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसलो.

साहेब आले. "क्या हुआ? खाना?"

"खिचडी कच्ची आहे साहेब. मी नाही करत. मले फॉर्म पाहिजे."

"इतनी सी बात? बोलना था ना. आज ही भेजता हूँ."

"बोललो होतो. चार महिन्याआधी. आता तोंडी नको. नंबर द्या अन् सही-शिक्क्याची पोच द्या."

मागून कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे ना गा, लोकं उपाशी बसले आहेत."

ते मला साहेबांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मी वळून म्हणालो, "माही बायको बी बसली आहे. चार महिन्यापासून." टाचा जुळवल्या नाहीत. फॉर्म तिथेच बसून भरला, पोच हातात पडेपर्यंत उठलो नाही.

पुढच्या आठवड्यात व्यायामवाली बाई आली. चांगली बाई. तिने बायकोची बोटं एकेक करून धरली, दाबली, सोडली. दोन बोटं उघडेनात. "आधी का नाही बोलावलंत?" तिने विचारलं. वेळेवर आली असती तर उघडली असती का, ते आता कुणीच सांगू शकत नाही. तो राग माझ्या पोटात आहे आणि मला तो शांत करायचा नाही.

आता केंद्राचं पत्र आलं आहे. वार्षिक कार्यक्रमात माझा सत्कार. निःस्वार्थ सेवेबद्दल शाल-श्रीफळ. कुणी गोड बोललं की आता मी आधी त्यामागे काय आहे ते शोधतो. या शालीमागे काय आहे ते शोधावं लागलं नाही. माझं तोंड बंद राहावं, एवढंच.

पत्र बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मले बी न्या. हात माहा आहे, मीच सांगतो."

जाणार आहोत. कपडे धुणाऱ्या त्या गड्यालाही निरोप दिला आहे, पडदे न घेता ये म्हणून. शाल मी घेणार नाही. माइक घेईन आणि तिच्या तोंडापुढे धरीन. तिचं बोलून होईपर्यंत तो कुणाच्या हाती देणार नाही, साहेबांनी हुकूम दिला तरी.