आई भात वाढते तेव्हाचं संगीत

नागनाथला भीतीचं संगीत करायचं होतं. इच्छा एवढीच, पण ती चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. तो लग्नांच्या रिसेप्शनला ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. नवरानवरी हसून हसून दमलेली, लोक बिसिबेळे भाताच्या रांगेत, आणि हा कोपऱ्यात गोड गोड सूर काढत बसलेला. वय चाळिशीला टेकलं होतं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि डोक्यात एक ठोका.

तो ठोका त्याला रेसिडेन्सी रोडवरच्या एका तळघरातल्या पबात भेटला. ऑर्केस्ट्राचे स्पीकर शनिवारी तिथे भाड्याने जात, आणि त्यांच्यासोबत राखणीला नागनाथ. तिथे परदेशी टेप वाजायच्या. शब्द नाहीत, चाल नाही. जमिनीखालून यावा तसा काळा ठोका आणि त्यावर यंत्रांचं गुरगुरणं. पोरं त्यावर नाचत होती. नागनाथ भिंतीला पाठ लावून बसला. ह्यांना ऐकू येत नाही का, त्याला वाटलं. हा नाच नाही. आपल्यामागून कुणीतरी चालत येतंय.

शहाण्णवच्या सुमारास खंडोजीअण्णांनी खुनांचा कन्नड सिनेमा काढला. अण्णा चिकपेटेतले कापडाचे घाऊक व्यापारी. संगीत आपल्याच मराठी माणसानं करावं म्हणून त्यांनी नागनाथला बोलावलं. नागनाथनं घराच्या मागच्या खोलीत कीबोर्ड आणि रिदम मशीन मांडलं आणि महिनोन्‌महिने खपला. पहिलं रीळ त्यानं जवळजवळ मुकं ठेवलं. मग लांबून ठोका यायचा, आणि मध्यंतरानंतर तो अगदी कानाशी येऊन उभा राहायचा.

कॅसेट घेऊन तो दुकानात गेला. अण्णांनी ती लावली आणि कान दिला.

"काही वाजतच नाही. टेप बिघडली का रे?"

"हळूहळू येतं, अण्णा."

अण्णांनी टेप पुढे पळवली. सुरतेहून आलेल्या गठ्ठ्याची वरची घडी ते कधी बघत नसत. हात आत घालून मधला तागा ओढत. मधून ठोका निघाला तशी काउंटरची काच थरथरली आणि घड्या घालणारा गडी तालात घड्या घालू लागला.

"हा माल! मग सुरुवातीला का नाही?"

"भीती आधी यायला हवी, अण्णा. आवाज मागून."

"एका टोकाला निळा नि दुसऱ्या टोकाला काळा असा तागा दिला तर गिऱ्हाईक तो माझ्या तोंडावर फेकेल. सगळीकडं हेच लाव. सरी? ठीक?"

"सगळीकडं? आई पोराला भात वाढते तिथंही?"

"तिनं काय पाप केलंय? तिलाही लाव."

"पहिलं रीळ तरी सोडा. स्वल्प."

"स्वल्पसुद्धा नाही."

घरी बायको चंदना म्हणाली, "मग नाही म्हणायचं होतं."

"ते दुसऱ्याकडनं करून घेतील."

"म्हणजे पडद्यावर नावही पाहिजे."

नागनाथनं मागच्या खोलीत जाऊन रिदम मशीन चालू केलं. ह्याचा अर्थ लावण्यात चंदना आता तरबेज झाली होती.

सिनेमा लागला. खुनी होता नायकाचा वकील मित्र, पण पहिल्याच खेळाला त्याच्याकडे कुणी बघेना. आईचं काम नाटकातल्या जुन्या गोदूबाईंनी केलं होतं. त्या भाताचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून निघाल्या आणि ठोका सुरू झाला. "अजून थोडा घे, बाळा," त्या म्हणाल्या आणि थिएटर चिडीचूप झालं. पुढच्या बाकांवरून कुणी तरी ओरडलं, "तिन्नबेडप्पा! खाऊ नकोस रे!" मग गोदूबाईंनी शेंगा सोलल्या, लोक घाबरले. दिवा लावला, लोक घाबरले. शेवटी वकील पकडला गेला तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. आपलंच काही तरी निसटलं म्हणून लोकांनी पुन्हा तिकिटं काढली. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, मायेतली दहशत पहिल्यांदाच ऐकू आली.

जयनगरच्या बाजारात गोदूबाईंनी त्याला गाठलं.

"नागनाथ, मेल्या, काय करून ठेवलंस! भाजीवाली मला बघून सुरी लपवते."

"चुकलं, अक्का."

"चुकलं कसलं? जन्मभर आई होऊन रडले, कुणी मान वर करून बघितलं नाही. आता ओळीनं सिनेमे येतायत. सगळ्यांत विष घालते!"

मराठी समाजाच्या सत्कारात त्याला कुणी तरी विचारलं, हे सुचलं कसं? नागनाथनं शाल सारखी केली आणि म्हणाला, "विचार करावा लागतो."

सिनेमा उतरायच्या आठवड्यात तो एकटाच दुपारच्या खेळाला गेला. पहिल्याच रिळात आवाज गेला. पडद्यावर नायक बंद बाजारातून चालत होता. ओढलेली शटरं, ताडपत्र्या, एक कुत्रं. थिएटरात फक्त पंख्यांची घरघर. शेजारच्या बाईनं पदर अंगाभोवती ओढून घेतला आणि मागे वळून पाहिलं. पुढच्या बाकांवरही कुणी खोकलं नाही.

हेच ते. खोलीत बसून त्यानं जसं ऐकलं होतं, तसंच. नागनाथच्या अंगावर काटा आला. मग त्याच्या मनात आलं, की ही शांतता कुणाची आहे ते कुणालाच कळणार नाही. लोक म्हणतील, मशीन बिघडलं.

थिएटरात सगळ्यांत आधी उठला तो नागनाथ. प्रोजेक्टरच्या खिडकीकडे तोंड करून तो ओरडला, "एय, साउंड! साउंड हाको! आवाज लाव!"

मग सगळेच ओरडू लागले. शिट्ट्या झाल्या, बाकं बडवली गेली. ठोका परत आला तसा नागनाथ खाली बसला आणि सगळ्यांबरोबर पाय हलवू लागला.