माझ्याच कार्डावरचा एकशे दहा–सत्तर

आष्टीकडच्या एका उपकेंद्रात मी नर्स आहे. लग्नानंतर सहा वर्षांनी मला दिवस गेले, तेव्हा शेजारच्या उपकेंद्राची नर्स बदलून गेली होती आणि तिचाही चार्ज माझ्याच गळ्यात होता. दोन्हीकडचं लसीकरण, दोन्हीकडच्या गरोदर बायका, दोन्हीकडचे रिपोर्ट. सकाळी स्कूटीला किल्ली लावायच्या आत तालुक्याहून फोन यायचा, माहिती का पाठवली नाही म्हणून. सहाव्या महिन्यात मी एक चार्ज काढून घ्या म्हणून तालुक्याच्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "गरोदरपण म्हणजे आजार नाही, सिस्टर. तुम्हीच सांगता ना बायकांना?"

सांगत होतेच. त्यामुळे तशीच परत आले. रस्त्यात एका बाभळीखाली स्कूटी लावली आणि रडून घेतलं. मग पुढच्या गावाला गेले, कारण तिथं बायका खोळंबल्या होत्या.

आता जे सांगायचं ते सांगायला मला लाज वाटते. तपासणीच्या दिवशी सगळ्या बायका येत नाहीत. कोणी कापूस वेचायला जाते, कोणी माहेरी. रिपोर्टात रकाना रिकामा दिसला की वरून बोलणी बसतात. म्हणून न आलेल्या बाईच्या कार्डावर आम्ही 'एकशे दहा–सत्तर' लिहून टाकायचो. कोणाला शंका येऊ नये असा हा बीपी. आम्ही म्हणजे कोण, ते जाऊ दे. मी लिहायचे.

आणि माझं कार्डही मीच भरायचे. बीपीचं मशीन त्याच टेबलावर, हातभर अंतरावर. पण महिनाअखेर असायची, पुढ्यात कार्डांचा ढीग असायचा, आणि त्या ढिगात माझंही एक. सलग तीन वेळा मी स्वतःला एकशे दहा–सत्तर दिला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय.

आमच्या आशाताईंना मात्र दिसत होतं. म्हणाल्या, "सिस्टर, पाय लई सुजून राह्यले तुमचे. बीपी पाह्यला का?"

"पाहिला. बराबर आहे," मी म्हटलं.

"मंग चप्पल का चढना पायात?"

मी त्यांच्यावर खेकसले. त्या काळात मी सगळ्यांवरच खेकसत होते.

सातवा महिना भरत आला होता. लसीकरणाच्या दिवशी एका बाळाचं कार्ड लिहिताना डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि अक्षरं दिसेनाशी झाली. डोकं तर सकाळपासून ठणकत होतं. आशाताईंनी काही न विचारता माझ्या दंडाला पट्टा बांधला. मशीनवर एकशे सत्तरच्या वर आकडा आला. त्यांनी तो मोठ्यानं वाचलासुद्धा नाही, नुसतं मशीन माझ्याकडं फिरवलं. गाडी आली. वाटूरपर्यंतचा रस्ता आठवतो, पुढचं धड आठवत नाही.

जालन्याच्या दवाखान्यात नवरा औषधं आणायला खाली पळाला होता. डॉक्टरीणबाईंनी माझं कार्ड उलटून पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. "तीन महिने एकच बीपी? कोण सिस्टर आहे तुमची? असल्या लोकांना घरी बसवलं पाहिजे."

आशाताई भिंतीकडं बघत उभ्या होत्या. मी म्हटलं, "मीच आहे, मॅडम."

त्यांनी कार्ड मिटून उशाशी ठेवलं आणि माझ्या दंडाला पट्टा बांधला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलगी झाली. एक किलोची. पाच दिवस काचेच्या पेटीत होती. मी तिच्या तळपायाला एकदाच बोट लावलं.

घरी सगळ्यांनी ठरवून टाकलं की कामाच्या ताणानं हे झालं. ते खोटंही नाही. नवरा येईल त्याला साहेबांचं ते वाक्य ऐकवायचा आणि शिव्या घालायचा. सासूबाई म्हणायच्या, "त्या हापिसानं माझी नात खाल्ली." मी त्या शिव्यांच्या आडोशाला बसून राहिले. दोन-तीन महिने चांगला आडोसा मिळाला.

एका दुपारी सासूबाई आणि मी तूर निवडत होतो. त्यांचं हापिसाचं परत सुरू झालं आणि मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "आई, माझा बीपी मी कधी पाहिलाच नव्हता. कार्डावर खोटा लिहीत होते."

त्यांचा हात सुपातच थांबला. मग म्हणाल्या, "माझ्या पोराला हे कधी सांगू नको. त्याला हापिसालाच शिव्या देऊ दे."

त्या दिवसापासून त्यांनी हापिसाचं नाव घेतलं नाही. नवरा अजून शिव्या घालतो, माझ्यासाठीच घालतो. मी त्याच्या पुढ्यात चहा ठेवते आणि ऐकून घेते.