दोघांचं बुकिंग

आमच्या हॉलंडातल्या फोरबर्गच्या वाऱ्याने एकदा माझा जेवणाचा डबा सायकलच्या कॅरियरवरून उचलला आणि थेट पलीकडच्या डेल्फ्ट शहरात नेऊन ठेवला. उघडून बघतो तर आतल्या पोळ्या गरम. ही हकिगत मी वीस वर्षं सांगत आलो आणि पाहुण्यांपैकी कोणीही कधी शंका काढली नाही, कारण ते खातं बायकोकडे होतं. मी बोलायला लागलो की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "तिनाने भागा हो!" पाहुणे हसायचे, मनातल्या मनात भागाकार करायचे, डबा डेल्फ्टऐवजी कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटसमोर पडायचा, आणि सगळ्यांचं समाधान व्हायचं. माझंही. पलीकडे कोणीतरी भागायला बसलंय म्हटल्यावर माणूस बिनधास्त तिप्पट बोलतो.

ती गेली त्याला दीड वर्ष झालं. आता मी जे बोलतो ते तसंच्या तसं हवेत लटकत राहतं. माझं ऑफिस आम्स्टरडॅमला स्लोटरडाइक स्टेशनच्या बाहेर, एका काचेच्या इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर आहे. (पाचव्या.) तिथे पुण्यामुंबईची पोरं आहेत, सालस, कामाला वाघ. मी काही सांगितलं की ती "हो का सर?" म्हणतात आणि पुन्हा स्क्रीनकडे वळतात. विश्वास ठेवतात की नाही, कळायला मार्ग नाही. याच्याइतकं एकटं माणसाला दुसऱ्या कशाने वाटत असेल असं मला वाटत नाही.

राहता राहिली लेक. ती आर्नहेमला असते, वीज वाहून नेणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहे. दोन वर्षांची असताना आम्ही तिला इथे आणलं. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं, आणि रागावली की डचमध्ये. तिचा-माझा फोन दर रविवारी सकाळी अकराला. चार मिनिटं. या चार मिनिटांना कशानेही भागू नका, ती खरी आहेत.

पूर्वी असं नव्हतं. झालं काय, तिची आई वारली ती घरीच. इकडे शेवटी घरीच ठेवतात, दिवाणखान्यात खिडकीजवळ हॉस्पिटलची कॉट आणून देतात, नर्स येऊन-जाऊन असते. नंतर आठवडाभर आपली मंडळी भेटायला येत होती, डबे घेऊन, माना खाली घालून. दिवाणखान्यात ती कॉट अजून तशीच. कोणी बोलेना. मला शांतता सहन होत नाही, हा माझा जन्मजात दोष. मग मी सांगायला लागलो. "अहो, शेवटच्या दिवशी सकाळी उठून बसली! म्हणाली, चहा टाका. मी टाकला. एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, साखर विसरलात, तीस वर्षांत एवढंही जमलं नाही! आणि आडवी झाली ती झालीच." मंडळी रडता रडता हसली. एक वहिनी म्हणाल्या, "अगदी त्यांच्यासारखंच हो."

स्वयंपाकघराच्या दारात लेक उभी होती. हातात ओलं फडकं. ती म्हणाली, "बाबा, दॅट डिडन्ट हॅपन." सगळ्यांसमोर. मग कोट चढवून आर्नहेमला निघून गेली.

आईने तिनाने भागलं असतं. लेकीने तेव्हापासून शून्यानेच गुणायला सुरुवात केली. मी फोनवर म्हणायचो, "अगं, आज कालव्यात बदकांची सभा भरली होती, अध्यक्षीय भाषण चालू होतं," आणि पलीकडून यायचं, "ओके, बाबा." सपाट. जमिनीपेक्षाही सपाट, आणि मी हे नेदरलँड्समध्ये राहून सांगतोय.

म्हणून माझ्या वाढदिवसाला तिने स्वतःहून एक पाकीट हातात ठेवलं तेव्हा मला आनंदाने चक्कर आली. आइसलँडची सहल, दोघांसाठी, तीन दिवसांची. त्यातल्या एका दिवसाचं जोड-बुकिंग होतं: दुपारी जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याच्या तळ्यात डुंबायचं आणि संध्याकाळी तिथूनच बसने आकाशातले उत्तरेचे प्रकाश, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स, बघायला जायचं. पुढचे दोन महिने ऑफिसात मी दुसरं काही बोललो नाही.

निघायच्या दोन दिवस आधी तिचा फोन आला. तिच्या प्रकल्पाची तारीख अलीकडे आली होती, सुट्टी रद्द. "यू गो, बाबा. प्लीज." मी म्हटलं, छे, एकटा जाऊन काय करू. ती म्हणाली, "गो. अँड टेल मी ऑन संडे. बट ओन्ली व्हॉट यू सी. एक्झॅक्टली दॅट."

म्हणजे ही सहल नव्हतीच. परीक्षा होती, आणि दुसरी संधी मिळेल असं दिसत नव्हतं.

आइसलँडला तळ्याच्या काउंटरवरच्या मुलीने यादी बघून माझ्या हातात दोन मनगटपट्ट्या ठेवल्या. मी एकीवर हात ठेवून "ही नको" म्हणायला हवं होतं. मी दोन्ही घेतल्या. एक उजव्या हाताला, एक डाव्या.

पाण्यात उतरण्याआधी तिथे सगळ्यांसमोर, अंगावर एक सूत न ठेवता, साबण लावून आंघोळ करावी लागते. भिंतीवर चित्र लावून कुठे कुठे घासायचं तेही दाखवलंय. इतकी वर्षं हॉलंडात काढूनही मी तिथल्या, उघड्यानेच बसायच्या सॉनाच्या दारातून परत आलेला माणूस. पण पाठ भिंतीकडे करून, मनात रामरक्षा म्हणत, मी जगातली सर्वांत वेगवान आंघोळ उरकली. अंगाला पाणी लागलं की नाही ते त्या पाण्यालाही सांगता येणार नाही.

तळं मात्र खरंच पाहण्यासारखं होतं. दुधात नीळ कालवल्यासारखं पाणी, वर वाफ, कडेला काळा लाव्हा, आणि वास उकडलेल्या अंड्यांचा. बाहेर कान गळून पडतील अशी थंडी आणि गळ्यापर्यंत ऊब. एका पट्टीवर एक पेय फुकट, म्हणून मी दोन घेतली. दोन्ही हातांत दोन पेले धरून पाण्यात बसलो. एका पट्टीवर चेहऱ्याला लावायचा पांढरा चिखलही फुकट. दुपटीने लावला. भिंतीला गिलावा करतात तसा.

शेजारी एक डच जोडपं होतं, सत्तरीच्या आसपासचं. बाईंनी दोन पेल्यांकडे बघून विचारलं, "दुसरा कोणाचा?"

डच माणूस विचारतो तेव्हा त्याला खरंच उत्तर हवं असतं. आणि मी म्हणालो, "माझ्या मुलीचा. ती चिखल घ्यायला गेलीय."

एकदा तोंडातून निघालं की माझं मला आवरत नाही. मुलगी काय करते? आर्नहेमला वीज सांभाळते. परवा रात्री अर्ध्या देशाचे दिवे जाणार होते, तिने एकटीने थोपवले. आजोबा म्हणाले, "असं होऊ शकत नाही." मी म्हणालो, "तिलाच विचारा, येईलच." पेल्यातलं पेय कोमट होत गेलं. बाई अधूनमधून वाफेत नजर टाकायच्या. आणि खरं सांगतो, थोड्या वेळाने मीही टाकायला लागलो.

सहाच्या सुमाराला अंधार पडला आणि बाहेर बस लागली. गाइड मुलगी लोकरीची टोपी घालून दारात यादी घेऊन उभी. माझं नाव वाचून म्हणाली, "दोघं ना?"

मागे तेच जोडपं उभं. आजी म्हणाल्या, "यांची मुलगी अजून आत असेल."

आता इथे तरी थांबायचं की नाही? पण माझ्या तोंडाने परस्पर सांगून टाकलं, "हो, केस वाळवतेय. लांब आहेत."

"मग थांबू या," गाइड म्हणाली.

आणि बस थांबली. मी खिडकीजवळ बसलो, शेजारची सीट रिकामी. पाच मिनिटं. दहा मिनिटं. गाइडने सांगितलं की आकाश आत्ता मोकळं आहे, ढग पश्चिमेकडून येताहेत. सगळ्या बसने तळ्याच्या दाराकडे माना वळवल्या. मीही वळवली. दार उघडायचं, कोणीतरी ओल्या केसांचं बाहेर यायचं, आणि माझं काळीज उगाच वर यायचं, जसं काही ती येणारच होती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. गाइड खाली उतरली, आत जाऊन आली आणि माझ्यापाशी येऊन वाकली. "बायकांच्या बाजूला कोणीच उरलेलं नाही. तुमच्या मुलीचं नाव पुकारू का?"

आर्नहेममधल्या मुलीचं नाव आइसलँडच्या बायकांच्या न्हाणीघरात पुकारलं जाईल आणि कोणी ओ देणार नाही, हे मात्र मला झेपेना.

मी उभा राहिलो. का उभा राहिलो कोण जाणे, बसल्या जागी कुजबुजता आलं असतं. म्हणालो, "कोणी येणार नाहीये. मी एकटाच आलोय. माफ करा."

मला वाटलं, आता बस गदागदा हसेल किंवा मला खाली उतरवतील. काहीच झालं नाही. गाइडने यादीवर खूण केली, बस सुरू झाली. आजोबा "बघ, मी म्हटलं होतं" अशा नजरेने बायकोकडे वळले, तर तिने त्यांना कोपराने ढोसलं. मग पिशवीतून एक सोललेलं संत्रं काढून निम्मं माझ्या हातावर ठेवलं.

अर्ध्या-पाऊण तासाने काळ्या दगडांच्या माळावर आम्ही उतरलो. केस ओले होते, टोपीच्या आत त्यांचा बर्फ झाला. बराच वेळ आकाशात काही नव्हतं. मग गाइडने बोट दाखवलं.

सांगतो, जे दिसलं तेच. राखाडी होतं. दुधाचं पातेलं रिकामं झाल्यावर आतल्या बाजूला कड राहते तशी एक कड, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुसट. एकदा थोडी हलली. सगळ्यांनी फोन वर धरले आणि फोनमध्ये ती हिरवीगार दिसायला लागली. लोक ओरडले, आकाशाकडे पाठ करून एकमेकांना फोन दाखवायला लागले. मी खिशातून फोन काढला नाही. फोनसुद्धा तिप्पट करतोय म्हटल्यावर मला त्याच्यावर विसंबता येईना. सातआठ मिनिटांनी ढग आले आणि संपलं. आम्ही तळ्यापासून वेळेवर निघालो असतो तर आणखी दिसलं असतं का, हे मी गाइडला विचारलं नाही.

रविवारी सकाळी मी परत फोरबर्गला, दिवाणखान्यात, खिडकीजवळ. अकरा वाजता फोन.

"सो?" लेक म्हणाली.

मी सांगितलं. राखाडी, पातेल्याची कड, सातआठ मिनिटं, थंडी.

पलीकडून आलं, "अँड?"

"आणि काही नाही. एवढंच."

"बाबा, आर यू सिक? डिड यू कॉल द हाउसआर्ट्स?" हाउसआर्ट्स म्हणजे आमचा घरचा डॉक्टर. मी काही वाढवून सांगितलं नाही म्हणून पोरीला माझ्या तब्येतीची काळजी पडली होती! मी म्हटलं, बरा आहे गं. मग तळ्यातलं सांगितलं, दोन पट्ट्या, दोन पेले, आणि तुझ्यासाठी बस थांबवून ठेवली तेही. ती हसली नाही. रागावलीही नाही, कारण त्यावर डच शब्द एकही आला नाही.

घड्याळात चार मिनिटं होऊन गेली होती. मी म्हणालो, "आणि ते चहाचं. तेही तसं नव्हतं."

"आय नो."

"ऐक ना. तिने चहा मागितला नाही. ती दोन दिवस बोललीच नव्हती. मीच विचारलं, घेतेस का. मग टाकला. दोघांचा. तिच्या उशाशी कप ठेवला, वाट बघितली. मग माझा प्यायलो. मग तिचाही प्यायलो, गार होऊ नये म्हणून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. मराठीत. "सिंकमध्ये दोन कप होते. दोन्ही रिकामे. मीच धुतले."

मला बोलायला काही सुचलं नाही. आयुष्यात प्रथमच, आणि हा आकडा कोणालाही तपासता येईल. खाली रस्त्यावरून सायकली जात होत्या. तिच्याकडे कुठेतरी केटल वाजून बंद झाली.

मग तिने नाक ओढलं आणि विचारलं, "बसमध्ये किती लोक होते? माझ्यासाठी थांबलेले."

"चारशे," मी म्हणालो.

मी श्वास धरून बसलो.

"तिनाने भागले तर," ती सावकाश म्हणाली, "एकशे तेहतीस. बाबा, केवढी बस होती?"

"मोठी होती," मी म्हणालो.