किसनरावांचा खोकला

अनंताच्या हातून बाटली निसटली ती नेमकी किसनरावांच्या कोटावर. कोट खुंटीला असता तर निभावलं असतं. पण घड्या मोडाव्यात म्हणून त्यांच्या पत्नीने, आशाबाईंनी, तो सकाळीच बाजेवर पसरून ठेवला होता. घरात कोट एकच, आणि तो अंगात घालायचे प्रसंगही मोजकेच. त्यातला एक आज संध्याकाळी होता. मुलीला, शारदेला, बघायला धाड गावची मंडळी यायची होती.

"काय सांडलं, सायेब?" किसनरावांनी विचारलं.

"अर्क आहे. बोंडअळीची पाखरं असतात ना, त्यांच्या माद्यांचा वास."

किसनरावांनी कोट नाकाशी नेला. "कायचाच तं येत नाही."

"आपल्याला येत नाही. नरांना येतो. ते लांबून येतात."

"येऊ द्या मंग. आज पाव्हणे येऊनच राह्यले."

अनंत बुलढाण्याच्या एका कारकुनाचा मुलगा. शेतकी संशोधनाच्या नोकरीपायी उंद्रीत किसनरावांच्या ओसरीलगतच्या खोलीत राहायला आलेला. परदेशात म्हणे शास्त्रज्ञांनी रेशमाच्या पतंगाच्या मादीचा वास रेणूपर्यंत जाऊन ओळखला होता. अनंताच्या साहेबांनी ते वाचलं आणि वऱ्हाडातल्या बोंडअळीचाही वास पकडायचं ठरवलं. साहेब ठरवत आणि अनंत पकडी. माद्यांची शेपटाकडची टोकं कातरून तो द्रावणात बुडवी, अर्क काढी, कापसाच्या बोळ्यावर घालून शेतात टांगी. नर काही फिरकत नसत. गावाने मात्र त्याचं नाव 'पाखरायचा मध्यस्थ' ठेवलं होतं, आणि अजून एकही लग्न जमवलं नाही म्हणून वर हसतही होतं.

किसनरावांची जमीन होती, पण कोरडवाहू. हंगामात ते खामगावला जिनात जात. यंत्रापुढे कापूस लोटायचा. सरकी एकीकडे पडे, रुई दुसरीकडे, आणि उरलेली धूळ किसनरावांच्या छातीत. अशी कितीतरी वर्षं. मागे छातीचा फोटो काढून डॉक्टरांनी सांगितलं होतं, क्षय नाही, पण फुफ्फुसावर वण पडलेत, जिन सोडा. बातमी चांगली होती, फक्त गावात सांगण्यासारखी नव्हती. फुफ्फुस हा शब्द कानावर पडला की लोक पुढचं वाक्य ऐकायला थांबत नसत, आधी आपला पेला वेगळा करत. म्हणून हे गुपित आशाबाईंना आणि दवाखान्यात सोबत गेलेल्या अनंतालाच ठाऊक.

येणारे पाहुणेही साधे नव्हते. मुलाचे वडील उकंडराव यांच्या थोरल्याच्या सासुरवाडीत क्षय निघाला होता. तेव्हापासून ते मुलीपेक्षा मुलीच्या बापाला बारकाईने बघत. सोबत आणलेली चिलीम स्वतः भरून पुढे करत. ज्याचा दम तुटला, त्याच्या घरचे पोहे ते खात नसत. एका चिलमीत काम. डॉक्टर नको, फोटो नको.

एसटी वाटेत बसली, त्यामुळे मंडळी दिवेलागणीला पोचली. आशाबाईंनी ओसरीवर कंदील टांगला. शारदा आली, नाव सांगून आत गेली, पसंत पडली. आता पाळी बापाची.

"घ्या किसनराव, एक दम मारा," उकंडराव म्हणाले.

तेवढ्यात एक पाखरू आलं. कंदिलाला वळसा घालून ते थेट किसनरावांच्या अंगातल्या कोटाच्या कॉलरवर बसलं. मागून दुसरं, मग पाच-सात. शेतात महिनाभर ज्यांनी अनंताला दाद दिली नव्हती, ते नर इथे दिवा सोडून कोटाला झोंबत होते. अनंताला आनंद झाला, आणि त्याची लगेच लाजही वाटली.

किसनरावांनी चिलीम ओढली आणि खोकला आला. साधासुधा नाही, जिनातले सगळे हंगाम एकदम वर आले. दाराआड आशाबाईंनी पोह्यांची ताटली परत खाली ठेवली.

"काऊन किसनराव," उकंडराव सावकाश म्हणाले, "खोकला जुना दिसते."

किसनरावांनी गळ्याकडे बोट केलं. "पाखरू गेलं जी."

"कोणतं पाखरू?" असं विचारत उकंडराव खातरजमेसाठी कोटाजवळ वाकले. तोंड प्रश्नाने उघडंच राहिलं होतं. त्यात एक पाखरू शिरलं. मग उकंडराव असे खोकले की पागोटं मांडीवर आलं. दोन्ही बाप समोरासमोर बसून खोकत होते, आणि त्यात दुखणं कोणाचं हे धन्वंतरीलाही ठरवता आलं नसतं.

पाणी पिऊन उकंडराव म्हणाले, "लय पाखरं हायेत राजेहो तुमच्याकडं."

"कापूस बी तसाच हाये ना यंदा," किसनराव म्हणाले. बोंडअळीची एवढ्या अभिमानाने ओळख करून देणारा शेतकरी अनंताने पहिल्यांदाच पाहिला.

उकंडरावांनी डोळे पुसले आणि पोहे मागितले. लग्न ठरलं.

अनंताने साहेबांना प्रयोग यशस्वी झाल्याचं सांगितलं. कोट हे शास्त्रीय उपकरण नव्हे, असं साहेब म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी किसनराव भाकरी बांधून खामगावला निघाले. अनंत त्यांच्यामागे एसटीच्या थांब्यापर्यंत गेला.

"किसनराव, जमलं ना आता? मग जिन सोडा. आणखी वण पडले तर श्वास पुरायचा नाही. चला, डॉक्टरांना पुन्हा दाखवून येऊ."

किसनरावांनी गाडीत पाय ठेवला आणि वळून म्हणाले, "पोरगी सासरी जाऊ द्या सायेब, मंग मोकळ्यानं खोकतो."