गोळ्यांना पॅकेज नव्हतं

सरकारी योजनेत गर्भपिशवी काढली की दवाखान्याला पॅकेज मिळायचं, त्यातला वाटा मला. गोळ्या लिहिल्या तर काहीच नाही. म्हणून गोळ्यांनी बऱ्या झाल्या असत्या अशा बायकांच्याही पिशव्या मी सोलापुरात काढल्या. आजवर हे कुणाला सांगितलं नाही.

आज करमाळ्याची एक बाई योजनेचं कार्ड नाचवत आली. "काडून टाका की डॉक्टर, फुकट हाय!"

मी म्हणालो, "गरज नाही. गोळ्यांनी बऱ्या व्हाल."

"मग माज्या जावंची का काडली?"

"वाट्यासाठी. तिलाही गरज नव्हती."

तिनं कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "लिवा गोळ्या. पन जावंला हे तुमीच सांगायचं."

चिठ्ठी लिहिताना लई हलकं वाटत होतं! उद्या पहिल्या एसटीनं करमाळ्याला निघतोय.