कंडक्टरबाई बोट मागे घेतात

बसमध्ये तिकिटाचं यंत्र बसलं आणि कंडक्टरबाई घरी बसल्या. नवरा त्याच बसचा ड्रायव्हर, त्याची नोकरी मात्र शाबूत राहिली. उभं आयुष्य दोघांनी एकाच गाडीत काढलं होतं. पुढे तो, मागे त्या. आता भांडी घासतानाही बाईंचे पाय सवयीने फाकलेले असत, तोल सांभाळायला. आणि जमीन काही हलत नसे.

तळ्यापलीकडच्या वस्तीत माणसं नेणाऱ्या बोटीचा नावाडी गुडघ्यांनी जेरीस आला होता. त्याला बदली माणूस हवा होता. रविवारी माणसांनी भरलेली बोट धक्क्याला नीट लावून दाखवायची. जमलं तर बोट हातात, नाहीतर त्याचा पुतण्या टपलेला होताच. कंडक्टरबाईंनी जाऊन विचारलं. नावाडी हसला नाही, तेवढं त्यांना पुरलं.

नवरा हसला. म्हणाला, "तिथे दोनदा घंटी दिली की कोणी गाडी काढत नाही हं."

"आणि तुम्ही एकटे काढता, तर मागचा दिवा कोणी फोडला?"

बाई घरी बसल्यापासून डेपोच्या भिंतीला तो दिवा दोनदा फुटला होता. नवऱ्याने ताटात मान घातली.

बोटीत सुकाणूच्या चाकाशेजारी एकच दांडा होता. सरळ उभा असला की इंजिन नुसतं गुरगुरायचं. पुढे ढकलला की खट्ट व्हायचं आणि बोट निघायची; आणखी ढकलला की वेग. मागे ओढला की हेच सगळं उलट. नावाड्याने बजावलं होतं की पुढून मागे जाताना दांडा मधे आणून क्षणभर थांबायचं, नाहीतर गिअरचे दात खातील एकमेकांना. आणि पाण्यात ब्रेक नसतो. जोर आधीच कमी करायचा आणि शेवटी थोडं मागे ओढून उरलेला मोडायचा.

पहिल्या दिवशी धक्का जवळ आला. बाईंनी अंतर अचूक ओळखलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "थांबवा."

बोट धक्क्याच्या पायऱ्यांवर आदळली. नावाडी बाकावरून घसरून खाली बसला आणि तिथूनच त्याने विचारलं, "कोणाला सांगितलंत, बाई?"

त्या प्रश्नाने पुढे कित्येक दिवस पाठ सोडली नाही. आयुष्यभर त्यांनी योग्य वेळी योग्य शब्द उच्चारला होता आणि तो कुठेतरी पुढे, दुसऱ्याच्या पायाखाली खरा झाला होता. शब्द आणि घडणं यांच्यामध्ये कायम एक माणूस होता. आता तिथे त्यांचाच हात होता, आणि तो अडाणी होता.

हात शिकला, पण कुरकुरत. मधे थांबायला शिकला, खट्ट ऐकायला शिकला. वारा नसला की बोट धक्क्याला लागायची. वारा सुटला की नाक भरकटायचं आणि बाईंच्या तोंडून पुन्हा "थांबवा" निसटायचं.

एकदा बोट वेताच्या बेटात शिरली. नावाडी मागे घ्या म्हणाला, तशा त्या पाठमोऱ्या वळल्या. एक हात पाठीमागे चाकावर, दुसरा दांड्यावर, डोळे बोटीच्या शेपटावर. पाण्यातल्या दोन खुंटांमधून त्यांनी ती सुईत दोरा ओवावा तशी बाहेर काढली. नावाड्याला कळेना हे कुठून आलं. बाईंनी सांगितलं की नवरा बस मागे घ्यायचा तेव्हा मागे उभं राहून बघायचं काम त्यांचंच असायचं. त्याला आरशात दिसायचं तेवढंच दिसायचं.

"धक्क्याला मात्र बोट नाकानेच लावतात," नावाडी म्हणाला.

रविवारी वारा नेमका धक्क्याकडून सुटला. बाईंनी पहिल्यांदा बोट आणली, तर नाक फेकलं गेलं. दुसऱ्यांदा आणली, पुन्हा तेच. उतारू चुळबुळायला लागले. पायऱ्यांवर उभा असलेला पुतण्या ऐकू जाईल इतपत म्हणाला की बाईंना आता घंटी आणून द्या.

कंडक्टरबाईंनी दांडा मधे आणला. थांबल्या. बोट अलगद फिरू दिली आणि धक्क्याकडे पाठ झाली, तेव्हा स्वतःही वळल्या. दांडा मागे. खट्ट. नाक आता वाऱ्याच्या दिशेने मागे फडक्यासारखं सरळ राहिलं आणि जड शेपूट धक्क्याकडे चालू लागलं. मागे घेताना शेपूट डावीकडे ओढतं हे त्यांना वेताच्या बेटापासून माहीत होतं. चाक त्यांनी तेवढंच उजवीकडे धरलं.

पायऱ्यांवर नवरा आला होता. त्याच्याही नकळत त्याचा हात वर झाला. "येऊ दे… येऊ दे…"

"तुम्ही गप्प राहा," बाई म्हणाल्या. "मला दिसतंय."

दांडा मधे. एक श्वास. किंचित पुढे, जोर मोडण्यापुरता. बोट पायरीला टेकली, तेव्हा एका म्हातारीच्या मांडीवरची टोपलीसुद्धा हलली नाही. या सगळ्यात त्यांच्या तोंडून एकदाही "थांबवा" निघालं नव्हतं. माणसं शेपटाकडून उतरली, आणि कोणी तक्रार केली नाही.

नावाड्याने गळ्यातली किल्ली काढून बाईंच्या हातात दिली. पुतण्याला म्हणाला, "बघितलंस ना? आता घरी जा."

पलीकडे जाणारे चढू लागले. बाईंनी मागे बघून सगळे बसल्याची खात्री केली. ती सवय जाणार नव्हती. नवऱ्याने दोर सोडला, क्षणभर घुटमळला, आणि बोटीच्या कडेवर तळहाताने दोनदा थाप मारली.

कंडक्टरबाईंनी बोट काढली.