दारातला नॉर्वे

भाऊ गेल्याची तार आली तेव्हा मी बडोद्याच्या शाळेत नववीच्या मुलींना इतिहास शिकवत होते. त्याला दीड महिना झाला. भेटायला येणारा जो तो म्हणतो, "फार साधा माणूस हो!" मला राग येतो. माझा भाऊ साधा नव्हता. तो हट्टी होता, चिवट होता, आणि मला तो तसाच हवा होता.

आईवडील लवकर गेले. माझ्याहून बराच मोठा असलेल्या भाऊनेच मला सुरतेत वाढवलं, काकांच्या मालकीच्या दोन खोल्यांत. काका जवळच कडोदऱ्याला कापडाचे माग चालवायचे, भाऊ जरीच्या कारखान्यात कारकून. त्याला नाद एकच, दुसऱ्या महायुद्धाचा. आमच्या मूळ गावी, धुळ्यात असताना तो वाचनालयात म्हाताऱ्यांना लढाईच्या बातम्या मोठ्यानं वाचून दाखवायचा, तेव्हापासूनचा. त्यातही जीव जडला होता नॉर्वेवर. दिवाळीत चाळीतली मराठी पोरं मातीचे किल्ले करायची, तेव्हा हा चाळिशीचा बाप्या नॉर्वेचा किल्ला करायचा. मोठ्या परातीत पाणी, ती खाडी. दोन्ही अंगांना मातीचे डोंगर, मध्ये बेट, बेटावर तोफा. लोक हसायचे. "भाऊसाहेब, महाराज कुठं बसवले?" "महाराज राजधानीत आहेत. ही त्यांची पावनखिंड," असं म्हणून तो पुन्हा चिखलात हात घालायचा.

मी बी.ए. झाले त्या वर्षीची दिवाळी... मला बडोद्याला शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला प्रवेश मिळाला होता, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं. आणि काकांनी भाऊबीजेलाच पाहुणे बोलावले होते, सुपारी फोडायला. भाऊ तीनदा नाही म्हणाला, काकांनी तीनदा ऐकलं नाही. मी घरात सापडले असते तर पाटावर बसवलंच असतं, आणि एकदा सुपारी फुटली की माघार नाही. भाऊ वाद घालत बसला नाही. त्या वर्षी त्यानं किल्ला अंगणात न करता आमच्या दाराच्या बोळात केला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, चांगला ओला आणि गुडघ्याइतका उंच.

भाऊबीजेला सकाळी मी त्याला घाईघाईनं ओवाळलं. ओवाळणीत त्यानं बडोद्याचं तिकीट घातलं. "रडू नकोस, गाडी चुकेल," म्हणाला. मी ट्रंक घेऊन मोरीच्या दारानं बाहेर पडले. पुढचं मला शेजारच्या रमाकाकूंनी सांगितलं, आणि त्या खोटं सांगणाऱ्यातल्या नव्हत्या.

काका पाहुण्यांना घेऊन आले, बोळात थबकले. "हाई काय शे?" भाऊ पलीकडे दारात उभा. "किल्ला आहे काका. दिवाळीत किल्ला मोडत नाहीत. जरा थांबा, वाट करतो." वाट करायचं सोडून त्यानं लढाईच सुरू केली. जर्मनांची कोरी करकरीत युद्धनौका, राजधानीचा घास घ्यायला निघालेली. समोर जुनाट तोफा, त्याही जर्मनीतच ओतलेल्या! माणसं अपुरी, पोरं शिकाऊ, स्वयंपाकीसुद्धा तोफेवर उभे केलेले. वरून हुकूम नाही, तरी म्हाताऱ्या किल्लेदारानं तोफ डागली. मग कड्यातल्या भुयारातून टॉर्पेडो सुटले आणि नौका तळाला गेली. मुलाचे वडील इतके रंगले की पायरीवर बसकणच मारली. "मग किल्ला राहिला का?"

"छे! दुसऱ्याच दिवशी शरण गेला. पुढं अख्खा देश पडला. पण तेवढ्या वेळात राजा आगगाडीनं निसटला, आणि तो काही शरण गेला नाही."

आता काकांना उमगलं. "पोर कोठे शे?" ते ओरडले.

"आगगाडीत," भाऊ म्हणाला.

काकांनी किल्ला लाथेनं उडवला. तुळशीच्या लग्नाआधी खोल्या खाली करून घेतल्या. भाऊ गावाबाहेर उधन्याला पत्र्याच्या एका खोलीत गेला, उन्हाळ्यात तिथं बसवत नसे. मी सुट्टीत गेले तेव्हा रडायला लागले, तर हा हसला. "किल्ला पडला गं. पडणारच होता." नोकरी लागल्यावर मी त्याला बडोद्याला बोलावत राहिले, पण तो ती खोली सोडायला तयार झाला नाही. लग्नही केलं नाही. का, ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही...

तेराव्याला काका आले. आता थकलेत, काठी घेऊन चालतात. इतक्या वर्षांत त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. पत्र्याकडं, एकुलत्या खिडकीकडं, दोरीवरच्या दोन सदऱ्यांकडं पाहत म्हणाले, "इतलं करीसन त्याले काय भेटनं?"

"मी," मी म्हणाले.

काकांनी काठी भिंतीला टेकवली. मग चहा मागितला. मी आलं घालून चांगला चहा केला, त्यांच्या हातात दिला. पण ते भाऊच्या खुर्चीकडं वळले तेव्हा मी ती ओढून घेतली आणि त्यांना सतरंजी दाखवली.